उतरून गेल्यावर नौकेचे काय

एका माणसाला पाण्यावरून नेण्यासाठी बनवलेल्या छोट्या यांत्रिक नौकेला, म्हणजे जिला सर्वत्र ‘जेट स्की’ या नावानेच ओळखतात तिला, जमिनीवर मात्र दुसऱ्या कोणीतरी वाहून न्यावे लागते. त्यासाठी घरच्या गाडीच्या मागील हुकाला चौकोनी पाइपचा एक सांगाडा जोडून घ्यावा, तो ओळखीच्या वर्कशॉपमध्ये स्वतः उभे राहून वेल्डिंग करवून घ्यावा आणि नौका त्यावर चढवावी, ही कल्पना वरवर पाहता केवळ लोखंडाची आणि वजनाची आहे. तथापि तिच्या पोटात भारतीय तत्त्वचिंतनातला एक फार जुना प्रश्न आहे, आणि तो असा की तरून जाण्यासाठी जे साधन माणसाने बांधले ते त्याने पुढे वाहत राहावे की सोडून द्यावे. हा प्रश्न पुण्यालगतच्या मांजरी गावाच्या भूमीवर विचारण्याला विशेष कारण आहे, कारण या गावाच्या कडेने नदीही वाहते आणि वारीची वाटही जाते, व या दोघींनी त्या प्रश्नाला दिलेली उत्तरे एकसारखी नाहीत.

प्रथम लोखंडाचा हिशेब पाहणे आवश्यक आहे, कारण तत्त्वचर्चेत ‘ओझे’ हा शब्द रूपक म्हणून इतका वापरला जातो की प्रत्यक्ष ओझे कसे वागते याचा विसर पडतो. हुकावरच्या सांगाड्याला स्वतःची चाके नसतात, आणि ट्रॉलीहून तो वेगळा ठरतो तो याच गोष्टीने. ट्रॉलीचे बहुतेक वजन तिच्या स्वतःच्या आसावर पडते, सांगाड्याचे मात्र सगळे वजन गाडीच्या शेपटाला लोंबकळत राहते. समजा, उभ्याने चालवायची हलकी नौका आणि सांगाडा मिळून १५० किलो भरले, त्यांचा गुरुत्वमध्य गाडीच्या मागच्या आसापासून १.९ मीटर मागे आला आणि गाडीच्या दोन आसांमधले अंतर २.६ मीटर असले, तर १५० ला १.९ ने गुणून २.६ ने भागल्यावर सुमारे ११० किलो हा आकडा मिळतो. याचा अर्थ असा की पुढच्या चाकांवरचा भार ११० किलोंनी कमी होतो आणि मागच्या चाकांवर १५० नव्हे तर २६० किलो जास्तीचे येतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल पडते, ब्रेकचा जोर कमी पडतो, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात सांगाड्याच्या मुळाशी असलेल्या वेल्डिंगला हिसका बसतो. बैलगाडी हाकणाऱ्यांनी या अवस्थेला फार पूर्वीच नाव देऊन ठेवले आहे. मागे जास्त भरलेल्या गाडीला ते ‘उलाळ’ म्हणतात, आणि उलाळ गाडीचे जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याखालचा पट्टा आवळतो हे त्यांना सूत्राशिवाय ठाऊक असते. बसून चालवायच्या मोठ्या नौकांचे वजन सहज ३०० किलोंच्या पुढे जाते. तशा नौकेसाठी हुकावरचा घरगुती सांगाडा हा मार्गच नव्हे, तिला दोन चाकांची स्वतंत्र ट्रॉली लागते, असा निर्णय येथे निःसंदिग्धपणे द्यावा लागेल. त्यातच मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करू देत नाही, आणि मागे उभी केलेली नौका नंबरप्लेट व दिवे झाकते हे वेगळेच.

या हिशेबातून एक गोष्ट स्पष्ट होते. ओझ्याचा त्रास त्याच्या वजनापेक्षा ते आसापासून किती दूर आहे यावर अधिक अवलंबून असतो. तेच १५० किलो दोन आसांच्या मध्ये ठेवले तर गाडी बिनतक्रार चालते. ही गोष्ट पुढच्या विवेचनात पुन्हा उपयोगी पडणार आहे.

मांजरी हे गाव मुळा-मुठेच्या काठी आहे. नदीच्या दक्षिणेला मांजरी बुद्रुक आणि उत्तरेला मांजरी खुर्द अशी त्याची दोन नावे आहेत. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे, असे फारसीतून मराठीत रुळलेले हे शब्द महाराष्ट्रातल्या शेकडो जोडगावांना लागलेले दिसतात. मांजरी बुद्रुक हे २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट याच गावात आहे, आणि उसाच्या या मुलखात ओझे वाहणारे सांगाडे, हूक, पिना व ट्रॉल्या जोडण्याचे कसब काही नवे नाही. तेव्हा सांगाडा बनवण्यात येथे अडचण नाही. अडचण अशी आहे की नदी दारात असूनही नौका तिच्यात घालता येत नाही. मुळा-मुठा हे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. शहराचे सांडपाणी घेऊन ती येथवर येते आणि संथ पाण्यावर जलपर्णीची हिरवी सतरंजी पसरते. म्हणून नौकेच्या मालकाला ती गाडीला टांगून पानशेतकडे, उजनीकडे किंवा थेट कोकण किनाऱ्याकडे न्यावी लागते. संस्कृतात ‘तीर्थ’ हा शब्द तरणे या अर्थाच्या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ नदी ओलांडण्याची जागा, म्हणजे उतार, असाच आहे. या अर्थाने प्रत्येक नदीकाठच्या गावाला एक तीर्थ असते. ज्या गावातून नौका दुसऱ्या पाण्याच्या शोधात बाहेर न्यावी लागते, त्या गावाने आपले तीर्थ गमावलेले असते.

साधन वाहण्याच्या प्रश्नाला सर्वांत थेट उत्तर बौद्ध वाङ्मयात मिळते. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातील बाविसाव्या, अलगद्दूपम नावाच्या सुत्तात तराफ्याचा दृष्टांत आहे. वाटेत मोठा जलाशय लागलेला एक प्रवासी असतो. अलीकडचा काठ भयाचा आणि पलीकडचा सुरक्षित, पण नाव नाही आणि पूलही नाही. तेव्हा तो गवत, काटक्या, फांद्या आणि पाने गोळा करून स्वतःच तराफा बांधतो, हातापायांनी पाणी मारत पलीकडे पोचतो, आणि मग त्याच्या मनात येते की याने आपल्यावर केवढे उपकार केले, आता याला डोक्यावर किंवा खांद्यावर घेऊनच पुढे जावे. हे योग्य होईल का, असे बुद्ध भिक्षूंना विचारतात आणि नाही असे उत्तर येते. तराफा काठावर ओढून ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि आपल्या वाटेने जावे, हेच योग्य. धम्मही तराफ्यासारखा, तरण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. धर्मानंद कोसंबी यांनी १९१२ पासून काही वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली आणि बुद्धाचे चरित्र व उपदेश मराठीत आणले. बुद्धविचार कृतज्ञतेलासुद्धा विवेकाच्या तराजूत घालतो हे मराठी वाचकाला तेव्हापासून परिचित आहे.

या दृष्टांतातली एक बारीक गोष्ट सहसा निसटते. तराफा त्या प्रवाशाने स्वतः बांधलेला आहे. विकत घेतलेली किंवा भाड्याची नाव काठावर सोडताना कोणाला दुःख होत नाही, पण ज्या वस्तूच्या गाठी स्वतःच्या बोटांनी मारल्या, जिच्या वेल्डिंगच्या ठिणग्यांनी हाताला चटके बसले, ती सोडताना माणूस स्वतःचाच काही भाग सोडत असतो. घरी बनवलेल्या वस्तूची आसक्ती अशी दुहेरी असते, कारण उपयोगाच्या जोडीला तिच्यात कर्तृत्वही असते. मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी कर्माविषयी जो दीर्घ वाद केला त्याचे मर्म या एका तपशिलात सापडते, कारण तेथेही प्रश्न कर्माचा जेवढा आहे तेवढाच ‘हे केले ते माझे’ या भावनेचा आहे. मुंडकोपनिषदाने यज्ञांना कच्च्या नौका म्हटले ते याच संदर्भात, कारण त्या नौका फळापर्यंत नेतात, पैलतीरापर्यंत नेत नाहीत.

परंपरेने श्रीशंकराचार्यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या आत्मबोध या प्रकरणग्रंथात तिसरीच शक्यता मांडलेली आहे. गढूळ पाणी निवळवण्यासाठी निवळीची बी उगाळून घालतात. ती गाळाला तळाशी नेते आणि स्वतःही त्याच गाळाबरोबर तळाशी बसते. ज्ञानसाधनेचे तसेच आहे, ती अज्ञान घालवते आणि मग वेगळी उरत नाही. येथे वाहण्याचा प्रश्न नाही आणि सोडण्याचाही नाही, कारण साधन आपल्या कामातच संपून जाते. मनाला ही उपमा फार सुंदर वाटते. पण ती ज्ञानाला लागू पडते, लोखंडाला नाही. बांधलेली वस्तू मागे उरतेच, आणि तिचे काय करायचे हे ठरवावेच लागते.

मराठी भक्तिपरंपरेने नौकेचा प्रश्न पार उलटा केला. गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंत आपल्या भक्तांना मृत्युरूपी संसारसागरातून वर काढणारा असे स्वतःला म्हणवतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, रचलेल्या ज्ञानेश्वरीत या श्लोकावर विस्तार करताना देव स्वतःच तारू होऊन पाण्यात उतरतो. आपल्या हजारो नामांच्या नावा तो सजवतो; जे एकटे आहेत त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो, ज्यांच्यामागे संसार आहे त्यांना तराफ्यावर बसवतो, आणि कोणाच्या पोटाशी प्रेमाची पेटी बांधून त्याला पैल नेतो. ही यादी नदीकाठच्या माणसाने केलेली आहे. कोणाला काय पेलेल हे पाहून साधन निवडणारा उतारावरचा कोळी तिच्यात स्पष्ट दिसतो. मराठीत ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार याच काठावरून आला, कारण सांगड म्हणजे दोन भोपळे किंवा दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरण्याचे साधन. आज विचारांची सांगड घातली जाते, पण मूळ सांगड पाण्यावर घातली जात असे. सांगड बांधणारा येथे देव असल्यामुळे तराफा डोक्यावर घेण्याची वेळच भक्तावर येत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात मात्र वारकरी परंपरा साधन डोक्यावर घेते, आणि तेही उघडपणे, दरवर्षी.

ते पाहण्यापूर्वी संत तुकारामांच्या चरित्रातल्या दोन प्रसंगांकडे लक्ष वेधणे भाग आहे, कारण दोन्ही प्रसंगी वस्तू इंद्रायणीतच बुडवली गेली आणि परिणाम मात्र परस्परविरुद्ध झाला. परंपरा सांगते की दुष्काळानंतर विरक्त झालेल्या तुकारामांनी घरातली कर्जखते काढली, निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, वाट्याला ठेवली आणि आपल्या वाट्याची स्वतः नदीत टाकली. ती खते बुडाली ती कायमची. पुढे रामेश्वर भट्टांच्या आक्षेपामुळे अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तुकाराम काठावर तेरा दिवस निराहार बसले, आणि त्या वह्या कोरड्या वर आल्या, अशी श्रद्धा आहे. हे रामेश्वर भट्ट वाघोलीचे, म्हणजे मांजरीहून नदीपलीकडच्या शेजारगावचे, आणि पुढे तेच तुकारामांचे शिष्य झाले. श्रद्धेच्या अंगाने या कथेकडे पाहा अथवा इतिहासाच्या अंगाने, तिच्यातला भेद सारखाच लख्ख राहतो. जी वस्तू फक्त स्वतःच्या लाभाची होती ती मालकाने आपखुशीने सोडली आणि ती बुडाली. जी वस्तू इतरांना तारणारी होती ती लोकांनी बुडू दिली नाही. खते हा ज्याच्या त्याच्यापुरता तराफा होता, आणि त्यावर दुसऱ्या कोणाला तरता येत नव्हते, उलट ऋणकोला ती बुडवणारीच होती. गाथा मात्र तिच्या कर्त्यापेक्षा इतरांनाच जास्त हवी होती.

हाच भेद पालखीचे कोडे उलगडतो. तुकारामांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सोहळा सुरू केला असे मानले जाते. देहूहून निघालेली ही पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी फार्म अशी लोणी काळभोरकडे जाते. पालखीत असतात त्या पादुका. पादुका म्हणजे मुळात चालणाऱ्याला वाहून नेणारी वस्तू. तिचे काम पायाखाली असण्याचे. वारीत मात्र चालणारे तिला वाहून नेतात, रथाला बैल जुंपतात, तिच्यावर फुले आणि तुळस वाहतात, तिच्यापुढे डोके टेकवतात. तराफ्याच्या दृष्टांताच्या कसोटीवर हे अगदी तेच आहे जे करू नये असे सांगितले होते, म्हणजे उपकारकर्ते साधन डोक्यावर घेणे. तरीही यात चूक आहे असे म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा आसाजवळ आहे. दृष्टांतातला प्रवासी तराफा वाहतो तो त्याच्या पुढच्या वाटेशी संबंध नसताना. ओझे त्याच्या जगण्याच्या मध्यापासून दूर, शेपटाला लोंबकळते आणि त्याची गाडी उलाळ होते. वारकऱ्याच्या बाबतीत पादुका वाहणे हीच वाट आहे, ओझे दोन आसांच्या बरोबर मध्ये आहे. भक्तिशास्त्राच्या भाषेत याला साध्य आणि साधन यांचे ऐक्य म्हणतात. भक्तीने देव मिळवायचा आणि मिळाल्यावरही भक्तीच करायची, मोक्षाच्या बदल्यातसुद्धा ती सोडायची नाही, ही वारकरी संतांची भूमिका प्रसिद्धच आहे.

मराठी भाषेने या सगळ्या भानगडीला एकच क्रियापद दिले आहे. नदी वाहते, हमाल ओझे वाहतो आणि भाविक बेल वाहतो. पुढे सरकणे, भार घेणे आणि अर्पण करणे या तीन क्रिया एका शब्दात राहतात, आणि त्यांपैकी कोणती खरी हे वस्तू कोणासाठी चालली आहे यावरून ठरते. स्वतःसाठी नेली तर ते ओझे वाहणे होते, दुसऱ्यासाठी नेली तर तेच वाहणे अर्पण होते. बौद्ध परंपरेतही हाच कंगोरा पुढे उमटला. ‘यान’ म्हणजे वाहन किंवा मार्ग. स्वतःपुरती मुक्ती शोधणाऱ्यांना महायानाने हीनयान म्हटले, जे नाव त्या पक्षाने स्वतः कधी स्वीकारले नाही, आणि सर्वांना बसवून घेणारी मोठी नाव आपली असल्याचा दावा केला. महायानाचा बोधिसत्त्व पैलतीर जवळ आल्यावरही इतरांसाठी मागे राहतो. त्याच्या हातातला तराफा अजून कामाचा आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात पोहायला शिकवण्याची जी रीत होती तिच्यात हे तत्त्व शास्त्राविना पाळले जात असे. विहिरीत उतरणाऱ्या पोराच्या पाठीशी वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे बिंडे दोरीने बांधत. पोराला पाण्याचा अंदाज आला की दोरी सैल करत, आणि एके दिवशी बिंडे सुटे. सुटलेले बिंडे पोराने जन्मभर पाठीला बांधून ठेवले नाही आणि कोणी ते विहिरीत फेकूनही दिले नाही. ते घरी नेऊन गोठ्याच्या आढ्याला टांगले जाई, कारण पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याला पोहायला शिकायचे असे. बुद्धांनीही तराफा पाण्यात सोडण्याच्या जोडीला काठावर ओढून ठेवण्याची मोकळीक दिली होती, हे येथे आठवावे. काठावर ठेवलेला तराफा पुढच्या वाटसरूच्या कामी येतो.

या प्रकाशात हुकाला टांगलेल्या नौकेकडे पाहिले तर दोष सांगाड्यात दिसत नाही आणि हौसेतही दिसत नाही. स्वतःच्या हाताने काही बांधणे हे माणसाच्या प्रतिष्ठेचे काम आहे, आणि पाण्यावर वेगाने जाण्यातला आनंद निर्मळ आनंद आहे. त्याला धर्माच्या नावाने नाके मुरडण्याचे कारण नाही. फक्त एवढे नोंदवले पाहिजे की तराफा डोक्यावर घेतलेला दृष्टांतातला प्रवासी निदान समोरचा जलाशय ओलांडून आलेला होता. मांजरीतून नौका टांगून निघणारा माणूस दारातली नदी न उतरता, तिच्याकडे पाठ करून निघतो. त्याची नौका एकट्याची आहे, आणि ती जेथे जाते तेथले पाणी त्याच्या गावचे नाही. ज्या कौशल्याने तो १५० किलोंचा हिशेब बसवतो, ज्या चिकाटीने पाइपला पाइप जोडतो, ते कौशल्य आणि ती चिकाटी गावाच्या उताराला कधी लागतच नाही. गाव ज्या नदीवर बसले ती आसाजागी आहे, आणि तिच्यापासून जितके दूर जावे तितकी गाडी उलाळ होते. एका माणसाने नदी निवळणार नाही, हे खरे आहे. पण तिची निवळी घरोघरच्या नळाखाली आणि महापालिकेच्या सांडपाणी केंद्रांतच उगाळावी लागणार आहे, आणि ते काम करवून घेण्यासाठी पाण्यावर प्रेम असलेली माणसे लागतात. नौका बांधणारा आणि वाहणारा माणूस हा अशा प्रेमाचा पहिला मानकरी असायला हवा. नौकेचा सांगाडा तयार झाला की त्याने एकदा मांजरीच्या पुलावर उभे राहून खाली पाहावे, एवढी विनंती त्याला करता येईल.

त्या पुलाखालचे पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, दौंडवरून उजनीच्या जलाशयात जाते, आणि तेथून पंढरपूरला पोचते. तेथे त्याला चंद्रभागा म्हणतात, आणि मांजरीवरून गेलेली पालखी पोचल्यावर वारकरी त्याच पाण्यात उतरतात.